पटावरचा पंचविसावा

गेल्या महिन्यात गावानं माझा सत्कार केला. नारळ, उपरणं, झेंडूचा हार, सगळं रीतसर. निजामाचं राज्य जाऊन दोन महिने झाले होते आणि बोरीला कुणाच्या तरी गळ्यात हार घालायची घाई झाली होती. "सतरा वर्षं अनंतराव गुरुजींनी आपल्या गावात मराठी जमात टिकवली," असं किशनराव पाटील मारुतीच्या पारावरून बोलले. हार पडला तशी माझी मान खाली गेली. लोकांना वाटलं, गुरुजी भारीच विनयशील. विनय कसला डोंबलाचा. समोर तिसऱ्या रांगेत माणिकरावांचा भुजंग बसला होता आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता.

जमात टिकवली हे खरं आहे. ती कशी टिकवली, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी बायको प्रभावती, तिलाही अर्धंच ठाऊक.

तेव्हाची रीत आधी सांगतो. बोरीच्या सरकारी मदरशात चौथीपर्यंत दोन जमाती होत्या. जमात म्हणजे वर्ग, मदरसा म्हणजे शाळा. एक उर्दूची, मौलवीसाहेबांची, आणि एक मराठीची, माझी. चौथीनंतर मात्र वाट एकच. जिंतूरची मधली शाळा उर्दूतून, परभणीची वरची शाळा उर्दूतून, मॅट्रिक उर्दूतून, आणि हैदराबादचं विद्यापीठही उर्दूतून. डॉक्टर व्हा, वकील व्हा, काय हवं ते व्हा, पण उर्दूतून व्हा. गावात दहातल्या नऊ घरांत मराठी बोलायचे. त्या नऊ घरांतलं पोर चौथीपर्यंत माझ्याकडं शिकून जिंतूरला गेलं की पाचवीत मुक्यासारखं बसायचं. दोन वर्षं बसायचं आणि मग बैलांमागं परत यायचं. घरचे म्हणायचे, डोकं न्हाई पोराला. डोकं होतं हो. कान नव्हता तयार झालेला.

फसली तेराशे एकेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी एकतीस साली, आमच्या मदरशाला हुकूम आला. तपासणीच्या दिवशी मराठीच्या पटावर पंचवीस मुलं हजर नसतील तर जमात बंद करावी, मुलं उर्दूत बसवावीत आणि मराठीच्या मास्तराची बदली करावी. माझ्या पटावर सोळा होती.

मग मी घरोघर फिरलो. कुणाच्या ओट्यावर बसलो, कुणाच्या बैलांचं कौतुक केलं, कुणाच्या म्हाताऱ्याला चार चांगल्या गोष्टी सांगितल्या. लग्नाच्या मुलीचा बापसुद्धा एवढे उंबरे झिजवत नसेल. दोन महिन्यांत पंचवीस जमले. अगदी मोजून पंचवीस.

आणि तपासणीला महिना राहिला असताना माणिकराव आले. घरी तीस एकर जमीन, बोलणं तुटक, माणूस सरळ. त्यांचा थोरला भुजंग तेव्हा आठ वर्षांचा, दुसरीतून तिसरीत जायचा होता. त्याच्यासारखा मुलगा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पावकी, निमकी, औटकी त्याला येत होतीच. पण गंमत म्हणजे मी उदाहरण घालायला तोंड उघडलं की अर्ध्यातच त्याचं उत्तर यायचं. "सव्वातेरा पायली ज्वारी पाच जणांत..." एवढं म्हटलं की भुजंग बोटं न मोजता उत्तर द्यायचा आणि मीच पाटीवर ताळा करत बसायचो.

माणिकराव म्हणाले, "मास्तर, भुजंगाला उर्दूच्या जमातीत बसवायचं म्हणायलोय."

"का हो? मी कमी पडलो का?"

"तुमचं न्हाई ओ. जिंतूरला माझा बांधाचा दावा चाललाय. कचेरीत हुबा राहिलो. माझ्याच वावराचं बोलायलेत आन् मला येक अक्षर कळंना. सायबानं काय इच्यारलं, वकिलानं काय सांगितलं, मी आपला नंदीबैलावानी मान हालवायलोय. घरातलं येक तरी माणूस तिथं हुबं राहून बोललं पायजे. तुमीच म्हणता पोरगं लय हुशार हाय. मग त्येला हैदराबादेला धाडतो. वकील करतो. जमीन ईकावी लागली तरी करतो."

माणिकरावांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि ते मला त्या क्षणी माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी मौलवीसाहेबांनीही मला हेच सांगितलं होतं. भला माणूस. मधल्या सुट्टीत पान लावता लावता म्हणाले होते, "अनंतराव, ये पोट्टा मेरे कने भेज देव. अब्बी तिसरी में आया तो दो साल में जबान पकड़ लेता. नहीं तो जिंतूर जाको गूंगा बैठेगा."

मी त्यांना हसून टाळलं होतं. माणिकरावांना टाळणं सोपं नव्हतं. मी म्हणालो, "माणिकराव, पोराचा पाया आईच्या भाषेत पक्का होऊ द्या. कच्च्या पायावर माडी चढवली तर कोसळते. दोन वर्षं माझ्याकडं राहू द्या. उर्दूचं म्हणाल तर ती मी स्वतः शिकवतो, माझ्या घरी बसवून. जिंतूरला जाईल तेव्हा तिथल्या पोरांच्या पुढं असेल."

माणिकराव म्हणाले, "तुमी म्हणता तर मग काय. आमी अडाणी माणसं. तुमच्या शब्दावर ठिवतो."

गेले बिचारे. माझं बोलणं किती गोड होतं, मलाच आठवून आज चीड येते. पायाचं खरं होतं, आईच्या भाषेचंही खरं होतं, फक्त ते मी त्या दिवशी का बोललो हे खोटं होतं. भुजंग गेला असता तर चोवीस उरले असते. चोवीस म्हणजे जमात बंद, आणि मी बदलून कुठं तरी परांड्याकडं. प्रभावतीला सातवा महिना होता. मराठीवर माझं प्रेम नव्हतं असं नाही. पण प्रेम आणि भीती एकाच जात्यात दळली की पिठात कोण किती, हे बाहेरच्याला कळत नाही. मला कळत होतं.

तपासणीचा दिवस उजाडला आणि भुजंग आला नाही. तापानं फणफणला होता. मी पळत त्याच्या घरी गेलो, त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून आणलं. साहेब आले, काठीच्या टोकानं एकेक पोर मोजत गेले. चोवीस झाले, मग भिंतीला टेकून बसलेल्या घोंगडीवर काठी आली. "पच्चीस," साहेब म्हणाले आणि सही केली. संध्याकाळी गावानं मारुतीला नारळ फोडला. मीही खोबरं वाटलं.

मी दिलेला शब्द अगदीच मोडला असं नाही. ते एक बरं होतं, स्वतःला समजावायला. पहिले दोन महिने भुजंग आठवड्यातून दोनदा माझ्या घरी यायचा. मग आमच्या घरी बाळ आलं, मग सण आले, मग "आज नको रे, उद्या ये" असं व्हायला लागलं. आणि शिकवलं तरी काय? माझी उर्दू कचेरीतली. अर्ज कसा लिहावा, साहेबाला काय म्हणावं, खाली आपलं नाव किती लीन होऊन घालावं. गणित, भूगोल उर्दूतून मी स्वतःच कधी शिकलो नव्हतो. जे माझ्या आडात नव्हतं ते त्याच्या पोहऱ्यात कुठून येणार?

भुजंग जिंतूरला गेला. दिवाळीला आला तेव्हा थेट माझ्या घरी आला. हातात सहामाहीचा गणिताचा पेपर. दहातली सहा उदाहरणं त्यानं सोडवली होती, सहाही बरोबर. चार कोरी, चारहींत एकच शब्द अडलेला.

"गुरुजी, मुसल्लस म्हंजे काय?"

"त्रिकोण."

मग त्यानं माझ्या देखत, उभ्या उभ्या, ती चारही उदाहरणं तोंडी सोडवली. "येवढंच व्हतं व्हय," म्हणाला. रागावला नाही, रडला नाही. त्याला आपलं हसू आलं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि प्रभावतीनं विचारलं तर मी डोकं दुखतंय म्हणालो.

त्या वर्षी तो पाचवीत राहिला. पुढं सातवीत एकदा राहिला. तरी नेटानं परभणीला गेला, तिथं एका नातलगाच्या ओसरीवर राहून शिकला. माणिकरावांनी कुठं म्हणून हात आखडता घेतला नाही. एक्केचाळीस साली मॅट्रिकला बसला. गणितात शंभरांपैकी शहाण्णव. इतिहासात आणि उर्दूच्या निबंधात नापास. बेचाळीसला पुन्हा बसला. गणितात अठ्ठ्याण्णव आणि बाकी तेच. उर्दू तो आता चांगली बोलत होता, बाजारात बोलायची तशी. निबंधाला ती पुरत नव्हती. लहानपणी ज्यांच्या कानात ती पडली, त्यांच्या शेजारी बसून तो लिहायचा आणि त्यांच्यामागं राहायचा.

दुसऱ्या निकालानंतर माणिकराव मला ओढ्याजवळ भेटले. बरोबर बैलगाडी होती. गाडी थांबवली आणि खाली न उतरताच म्हणाले, "मास्तर, पोरगं हुशार हाय म्हणला व्हता न्हवं तुमी?"

"आहेच हो. अजूनही म्हणतो."

"मंग?"

हे विचारताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी उत्तर द्यायला हवं होतं. पोरात काही खोट नव्हती, मी त्याला दोन वर्षं अडवून ठेवलं, एवढी दोन वाक्यं होती. मी म्हणालो, "नशीब एकेकाचं." माणिकरावांनी कासरा हलवला आणि गाडी पुढं गेली.

मी भुजंगाला बऱ्हाडातलं सुचवून पाहिलं. तिकडं, निजामाच्या हद्दीबाहेर, वाशीमला मराठीतून मॅट्रिकला बसता येत होतं. तो म्हणाला, "गुरुजी, मी आता इकोणीस वर्षाचा झालो. तिकडून मॅट्रिक हून आलो तरी हैदराबादेला पुन्यांदा उर्दूच की. आन् बापूंचं वय झालंय. ऱ्हाऊ द्या आता." वडलांना तो बापू म्हणायचा. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. तीन वर्षांनी माणिकराव गेले. बांधाचा दावा ते हरले होते, आणि का हरलो हे त्यांना शेवटपर्यंत नीट कुणी समजावून सांगितलं नाही.

भुजंग शेती बघू लागला. गावात वाटणी असो, मोजणी असो, लोक त्याच्याकडं जातात. कागद पेन्सिल लागत नाही. बाहेरगावचे पाहुणे थक्क होतात आणि विचारतात, पोरगा किती शिकलाय? मॅट्रिक नापास, असं कुणीतरी सांगतं. मग पाहुणे "अरेरे" म्हणतात.

सरकारची चूक किती मोठी होती हे मला कुणी शिकवू नये. लाखो माणसं जी भाषा बोलतात तिच्या तोंडावर कॉलेजचं दार लावायचं, आणि मग म्हणायचं, ही माणसं कॉलेजात येत नाहीत, यांना हौसच नाही. मी त्या सरकारला मनातल्या मनात सतरा वर्षं शिव्या दिल्या, आता मोठ्यानं देतो. माझ्या जमातीतून सतरा वर्षांत दोनशेच्या वर मुलं लिहायला वाचायला शिकून गेली. कॉलेजात एकही गेलं नाही. पण त्या सगळ्यांना सरकारनं अडवलं, आणि भुजंगाला सरकारबरोबर मीही अडवलं. सत्कारात हा हिशेब कुणी केला नाही.

आता शाळा मराठी होणार. तालुक्याहून नवे अधिकारी आले होते. मला म्हणाले, मराठी शिकवायला माणसं लागतील, तुमच्या माहितीतली नावं द्या. मी पहिलं नाव लिहिलं भुजंगाचं. असा गणित शिकवणारा तुम्हाला जिल्ह्यात मिळायचा नाही, असंही सांगितलं. अधिकारी चांगले होते, आपल्यातलेच होते. त्यांनी विचारलं, "मॅट्रिक आहेत ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी नावावर रेघ मारली, आणि वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. हुकूम आता मराठीत होता, एवढाच काय तो फरक.

ती रेघ मला सहन झाली नाही. परवा दुपारी मी माणिकरावांच्या घरी गेलो. भुजंगाला सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. तो शेतात होता. खरं सांगतो, तो नाही हे कळल्यावर मला जरा बरंच वाटलं. त्याची आई दगडाबाई ओसरीवर कापूस निवडत बसल्या होत्या. "बसा गुरुजी," म्हणाल्या आणि पोतं सरकवून जागा केली.

आईला सांगितलं म्हणजे मुलाला सांगितल्यासारखंच, अशी मी मनाची समजूत घातली आणि बोलायला लागलो. हुकमाचं सांगितलं. पंचवीस पोरांचं सांगितलं. माणिकराव त्या दिवशी बरोबर होते आणि मला ते ठाऊक होतं, हेही सांगितलं. "माझी जमात वाचावी म्हणून मी तुमच्या पोराला ठेवून घेतलं, दगडाबाई. तो उर्दूत गेला असता तर आज वकील झाला असता. एक पोर कमी पडत होतं म्हणून मी हे केलं."

कापसातला काडीकचरा काढणारी त्यांची बोटं चालूच होती. मला वाटलं होतं, त्या रडतील, नाहीतर बोलतील, नाहीतर "जाऊ द्या, झालं गेलं" म्हणतील. तेवढंच ऐकायला मी गेलो होतो की काय, कोण जाणे.

निवडता निवडताच त्या म्हणाल्या, "येकच कमी पडत व्हतं?"

"होय."

"मंग आमच्या कडूला का न्हाई घेतलं?"

मला आधी कळलंच नाही. कडूबाई ही भुजंगाची पाठची बहीण. चुडाव्याला दिलेली, तिथं रेल्वेच्या ठेसनाजवळ तिचं घर आहे, दोन लेकरं आहेत. एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं.

"सात वर्साची व्हती तवा," दगडाबाई म्हणाल्या. "भुजंग सांजच्याला पाटी घिऊन बसला की ही शेजारी बसायची. त्येचं बघून समदी बाराखडी शिकली. जिंतूरहून त्येचं पत्र यायचं, ते मला कडूच वाचून दाखवायची. पोरीला घ्यायचं न्हाई, असं व्हतं का हुकमात?"

हुकमात तसं नव्हतं. मी तो हुकूम पन्नासदा वाचला होता, त्यातला शब्द न् शब्द मला आजही येतो. पंचवीस मुलं, एवढंच होतं. पलीकडं मौलवीसाहेबांच्या जमातीत गावातल्या दोन मुली येऊन बसत होत्या, आणि साहेबांनी त्याही मोजल्या होत्या.

"नव्हतं," मी म्हणालो.

"भुजंग तापानं पडला व्हता त्या दिशी तुमी पळत आलाव," दगडाबाई म्हणाल्या. "मी म्हणलं, पोराला उठवू नगा, आंग लय तापलंय. तर तुमी म्हणलाव, दुसरा पोरगा हाय का घरात, घटकाभर बसवायला? मी म्हणलं, न्हाई. मंग तुमी त्येला उचलून नेलंत." त्यांनी निवडलेला कापूस पोत्यात टाकला. "कडू माझ्याजवळच हुबी व्हती, गुरुजी. घोंगडी तिनंच आणून दिली तुमच्या हातात."